पिठाच्या डब्यामागे

कालामाच्या वर, तांब्याच्या खाणीतल्या बराकीत
पहाटे पाच चाळीसला मी उठतो
आणि दात घासायच्या आधी घरी जाऊन येतो.

अंगठ्याने.

घर चिलोएत. अडीच हजार किलोमीटर खाली,
लाकडी खांबांवर, भरतीच्या पाण्यात पाय सोडून.
तिथे फ्रिजच्या डोक्यावर एक जुना लॅपटॉप आहे,
बहिणीने टाकून दिलेला, पडदा तडकलेला.
मी त्याला सर्व्हर म्हणतो.
वडील म्हणतात, "तुझं ते घरघरणारं,"
आणि त्याच्या उबेवर लसूण वाळत घालतात.

फोन काळा होतो. एक ठोकळा लुकलुकत राहतो,
कडी वाजवून बाजूला उभं राहावं तसा.
मी किल्ली देतो. बोगदा उघडतो.
(दिवसभर बोगदेच पाडतो मी,
पण घराकडे जाणारा हा एकच.)
एकशे सत्त्याण्णव दिवस जागा आहे, यंत्र सांगतं.
बोटं जाड, अक्षरं बारीक. तीनदा चुकतं.
मग आकडे:
पाच दहा, अकरा अंश
पाच वीस, अकरा
पाच तीस, तेरा
पाच चाळीस, सतरा.

म्हणजे एलेउतेरियो नाउएलकीन उठले.
चुलीत लाकूड गेलं. गुडघा चालतोय.
आम्ही फारसं बोलत नाही. बोललो तर हवेबद्दल,
आणि ती मी आधीच वाचलेली असते.

जूनमधल्या एका मंगळवारी
दार सापडलं नाही.
पुन्हा. पुन्हा.
पत्ता बरोबर, किल्ली बरोबर,
पलीकडे कुणी नाही.
पोटात खड्डा पडला, आणि खड्डे मला कळतात.

शेजारच्या ओर्फेलिनाबाईंना उठवलं.
त्या गमबूट घालून गेल्या, तिथूनच फोन लावून दिला.
वडील चिडलेले. लाकडं ओली होती,
विजेची किटली लावायला प्लग एकच,
मग त्या घरघरणाऱ्याचा काढला, त्यात काय एवढं?
माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे किटलीत.

मग ते म्हणाले, "पण तुला कसं कळलं?"

सांगावं लागलं.
पिठाच्या डब्यामागे एक बारकी तार आहे,
टोकाला मणी,
तो उष्णता मोजतो,
दोन वर्षं झाली.

"हं," म्हणाले. फोन ठेवला.

बुधवारी दार उघडलं.
यंत्र म्हणालं, एक दिवस जागा आहे.
पाच दहा, दहा अंश
पाच वीस, दहा
पाच तीस, चौतीस.

चौतीस! आमचं स्वयंपाकघर
जानेवारीतही पंचविसाच्या वर जात नाही.
आग लागली म्हणून मी अर्धा उठलो,
मग पुन्हा बसलो.
चौतीस म्हणजे चूल नव्हे.
चौतीस म्हणजे मूठ.

दहा मिनिटांतून एकदाच मोजतं ते,
हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.
किती वेळ उभे राहिले असतील
त्या गुडघ्यावर.

पाच चाळीस, चौतीस.

खाली बसचा हॉर्न वाजला.
दात घासायचे राहिले.