शनिवारी, तुर्भे स्टोअरला

वाशीला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं,
जेवणासकट.
शेवटी एक फाइल मिळाली, तिच्यात चोवीस गुणांची यादी:
धैर्य, कुतूहल, कृतज्ञता, विनोदबुद्धी…
मुलांनी स्वतःचे पाच निवडायचे.
आपण फक्त ऐकायचं.

रेवण धोत्रेनं यादी वरून खाली वाचली,
मग खालून वर.
"यात माझं काय नाय, म्यॅडम."
कागदाची चौपदरी घडी घातली
आणि डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली सरकवली.
बाक थांबला.
(हे मी तेव्हाच लिहून घ्यायला हवं होतं.)

एकोणतीस वर्षं मी रंगाच्या कारखान्यात नमुने तपासले.
पास, नापास, शिक्का, पुढचा डबा.
नापास डब्याला कधी विचारलं नाही
की बाबा रे, नेमकं कुठे बिनसलं.
आता दर शनिवारी महापालिकेच्या शाळेत,
जिन्याखालच्या खोलीत,
समोर दहावीच्या गणितात एकदा आपटलेला मुलगा
आणि माझ्या बोटांना अजून शिक्क्याची सवय.

"रोज झोपताना तीन चांगल्या गोष्टी लिही."
पहिला आठवडा: कोरी वही.
दुसरा:
टँकर आला.
टँकर आला.
टँकर आला नाही, पण भांडण पण झालं नाही.
तिसऱ्या शनिवारी त्यानं सरळच विचारलं,
"खाण बंद. बाबा सकाळपासून नाक्यावर उभा,
अकराला तसाच घरी.
यातलं चांगलं कुठलं लिहू?"

फाइलीत उत्तर होतं, पान सतरावर.
मी फाइल उघडली नाही.
"चांगलं नको लिहूस. झालं ते लिही."

दीड पान लिहिलं त्यानं.
बाबा पहिला घाव कधीच जोरात मारत नाही.
आधी दगड वाजवून बघतो,
शीर कुठून कुठे जाते ते ऐकतो,
मग घण उचलतो.
शुद्धलेखनाच्या अकरा चुका.
लाल पेनाचं टोपण मी काढलेलं होतं,
ते परत लावलं.

मग आम्ही वर्गसमीकरण वाजवून बघितलं.
एकेक पायरी, हळू.
इथे खणखणीत. इथेही.
इथे बद्द.
तिथून मागे मागे जात पोचलो सातवीच्या अपूर्णांकांत,
ज्या वर्षी खाणीला टाळं लागलं
आणि घरचे चार महिने अक्कलकोटकडे गावी होते.
त्या चार महिन्यांचं गणित
कुणी त्याला शिकवलं नव्हतं
आणि कुणी विचारलंही नव्हतं.
सगळ्यांनी 'ढ' म्हणून शिक्का मारून
पुढचा डबा घेतला होता.

"हुशार आहेस" असं मी म्हटलं नाही.
म्हटलं, "आज तीनदा खोडलंस आणि चौथ्यांदा लिहिलंस."
त्यानं वर बघितलं,
मी थट्टा करतेय का ते तपासायला.

मे महिन्यात, निकालाच्या आदल्या रविवारी,
तो मला खाणीवर घेऊन गेला.
खड्ड्यात हिरवं पाणी, काठावर गवत वाळलेलं,
उरलेले दगड उन्हात तापलेले.
हातोडीनं एकाला टकटक, मग दुसऱ्याला.
"हा चांगला. हा आतून तडकलेला.
आला ऐकू फरक?"
मला दोन्ही सारखेच.
"घाई नका करू, म्यॅडम. डोळे मिटा."
मी मिटले.
खाली एमआयडीसीत पाळी सुटल्याचा भोंगा झाला,
तो संपेपर्यंत रेवण थांबला.
टक. टक.
"आता?"
"नाही रे."
"हरकत नाही,"
तो म्हणाला, अगदी माझ्यासारखा सूर लावून,
आणि दगडाला वळसा घालून
पलीकडच्या बाजूनं वाजवू लागला.