सुकेशनीनं सोडलेली जागा

लाखांदूरला झेरॉक्सच्या दुकानाशेजारून जिना चढलं
की सुकेशनी टेंभुर्णेची खोली.
एक पलंग, एक टेबलफॅन, डेटॉलचा वास,
भिंतीवर वाघ, त्रिशूळ, अशोकचक्र आणि पोरींची नावं.

म्हटलं, पाठभर तलाव पाहिजे.
ती म्हणाली, कोणता?
तिथंच मला ती पटली.
दुसऱ्या कोणी विचारलं असतं, केवढा.

मोबाइलात तिनं मासे दाखवले, केशरी,
नवरीच्या पदरासारख्या शेपट्या.
म्हटलं, बाई, हे आमच्याकडे दुपारपर्यंत जगणार नाहीत.
"मंग तुमचे दाखवा."
मंगळवारी बादली घेऊन एसटीत बसलो.
डाडक, वाघूर, एक काटवा, झाकणाखाली मरळ.
कंडक्टरनं बादलीचं अर्धं तिकीट फाडलं.
दिवसभर ती बादलीपाशी उकिडवी,
काटव्याच्या मिशा तीनदा खोडल्या.
संध्याकाळी मी विचारलं, मासोळ्या ठेव, पैशात कापशील काय?
"कालवण करतो मी. पैसे पुरे घेतो."

मग आमची भांडणं.
मला पाळ पाहिजे, पाळीवरचे मोह पाहिजेत,
पोवन, चिला, गाद, कमळाची पानं,
माझं जाळं, माझा डोंगा.
"पतिरामभाऊ, पाठ हाय का बजार?"

डोंगा काढ, मी म्हणालो.
तिनं काढला.
पुढच्या कागदावर डोंगाच नव्हता.
एक शब्द, तिचा वेगळा, माझा वेगळा,
आणि पाण्यातून मासा काढतात तो तिसराच.
मी चिडलो. मग पाहिलं,
डोंग्याच्या जागी पाणी आलं होतं
आणि तलाव मोठा दिसत होता.

तुडूम मात्र सोडला नाही.
तिनं तो कधी पाहिलेला नव्हता.
जेवणाच्या डब्याचं झाकण उपडं ठेवून समजावलं,
इथून पाणी सुटते, इथून बांध्या भिजतात.
तिनं तो कण्याच्या तळाशी धरला.
"इथं सगळ्यात दुखते."
दुखलं.

चार बैठकी, बारा हजार. नव्या जाळ्याचे होते.
दुसऱ्या बैठकीत लाइन गेली,
वाघूर महिनाभर बिनशेपटीचा फिरला.
आणि दर बैठकीनंतर तीन आठवडे
पाण्यात उतरायचं नाही म्हणाली.
ढिवराला!
पुस्तकला सोसायटीच्या पोरांसोबत जाळं ओढायची,
मी पाळीवर बसलेला, शर्टाशिवाय,
पाठीला खोबरेल, कातडीचे पापुद्रे सुटत होते खवल्यांसारखे,
समोर तलाव, मागं तलाव,
मधला माणूस कोरडा.
काऊन काढलं एवढं, पुस्तकलानं विचारलं.
सांगता आलं नाही.
बापाच्या मनगटावर जत्रेत गोंदलेलं नाव होतं,
शाई पसरून पसरून
शेवटी अक्षर लागत नव्हतं.

त्याच बापाच्या तोंडात एका मासोळीचं नाव होतं, झरपी.
मी पाहिली नाही. माझ्या वयाच्या कोणीच नाही.
सुकेशनीला म्हटलं, तीही पाहिजे, डाव्या खांद्याखाली.
कशी असते?
चपटी असेल. चमकत असेल.
तिनं सुई खाली ठेवली.
"असेल-असेल मी नाही गोंदत."

खांद्याखाली वीतभर कातडी कोरी ठेवली तिनं,
भोवती पोवन थोडा वाकवून,
जसं कोणी आताच तिथून सुळकन गेलं असावं.
मला ते दिसत नाही. फोटोत पाहतो.
घाम आला की नेमकं तिथंच खाजवते,
आणि तिथंच हात पोचत नाही.

आता वजनकाट्यावर लोक माझा शर्ट वर करतात.
कचरूजी म्हणतात, झरपीच्या गालफडाजवळ दोन काळे ठिपके.
बळीरामजी म्हणतात, एकच, आणि तो शेपटीवर.
दोघंही ऐंशीच्या पुढचे, दोघंही शपथेवर.
फोन करून सांगितलं.
मागून मशीनचा आवाज येत होता, कोणाचा तरी वाघ चालू असावा.
"त्या दोघांचं जुळू दे," म्हणाली, "मंग या."

अजून जुळलेलं नाही.
परवा कचरूजी तीन म्हणाले.