परकारांची खिडकी

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत
स्पेअर पार्टच्या गोदामामागे माझी केबिन.
सकाळी साडेसातला आधी एसी घरघरतो,
मग मशीन, मग मी.

जुनी खिडकी राखाडी होती.
डबल क्लिक केलं की चहा ओतून होईतो विचार करायची,
मग उघडायची. नुसत्या चौकटी,
चार अक्षरांचे कोड,
चुकलं की तळाला लाल पट्टी, बाकी बोलणं नाही.
सात वर्षांत मला माउस लागेनासा झाला.
बेअरिंग, गॅस्केट, दीड इंची व्हॉल्व्ह,
मस्कतला शिल्लक किती, वाटेत किती,
बोटांना सगळं ठाऊक,
जशी पेटीवाल्याला काळी चार.

शिकवलं परकारांनी. दाभोळचे.
"स्क्रीन नको बघूस, नंबर बघ.
स्क्रीन बदलतंय. नंबर नाय."
ते आले तेव्हा साठा वहीत होता
आणि वही खमीसच्या वडिलांच्या कपाटात;
दुपारी ते झोपले
की सबंध कंपनीचा साठा झोपायचा.

आता हेड ऑफिसचं पत्र:
ईदनंतर जुनं बंद. सगळं ब्राउझरमध्ये.
दोन आठवडे दोन्ही चालेल, तोवर सवय करून घ्या.
बिनोज आला, रिकाम्या हातांनी.
"काही बसवायचं नाही मॅडम, फक्त पत्ता टाका."
फक्त पत्ता.
या देशात मला कुणी पत्ता विचारला
तर मी पोस्ट बॉक्सचा नंबर सांगते.

नवी खिडकी पांढरी, गोल कोपऱ्यांची.
नाव घेऊन सुप्रभात म्हणते.
वीस मिनिटं हात लावला नाही तर विचारते,
तुम्ही अजून आहात का?
मी आत शिडीवर असते, तिसऱ्या फळीशी,
फ्लँज मोजत. कुणाला सांगू, आहे म्हणून?
उतरून येते तो अर्धी भरलेली पावती गेलेली
आणि पुन्हा सुप्रभात.
दुपारचे दोन वाजलेले असतात.

गुरुवारी यादी आली, उघड्या ऑर्डरी मिटवा.
एकशे बारा होत्या. एकशे अकरा मिटल्या.
शेवटची म्हणे:
ही नोंद ए. परकार यांच्याकडे उघडी आहे.

परकार फेब्रुवारीतच गेले.
व्हिसा रद्द, हिशेब चुकता,
दोन बॅगा आणि एक मिक्सर.

बिनोज आणि मी मागच्या खोलीत गेलो.
मॉनिटर काळा, पण खालचा डबा गरम.
बटण दाबलं.
राखाडी खिडकी, तीन महिने तशीच,
कर्सर एका चौकटीत लुकलुकत.
वस्तू: शिडीची चाकं. नग: चार.
किंमत कोरी.
मागणी कुणाची, तिथे माझं नाव.

वर्षभर मी कुरकुरत होते, शिडी ओढून खांदा गेला म्हणून.
ते नुसते हूं म्हणायचे.

मी किंमत भरली, साठवा दाबलं.
लाल पट्टी: या वापरकर्त्यास अधिकार नाही.
बिनोज घड्याळ बघत म्हणाला, "उडवू सेशन?"
मी म्हटलं, थांब.
वस्तूचा नंबर तळहातावर लिहून घेतला,
आठ आकडे, शेवटचा अंगठ्यावर.
मग उडव म्हटलं.

पांढऱ्या खिडकीत नवी ऑर्डर काढायला
मला पाऊण तास लागला.
'शिफारस' अशी एक चौकट होती.
परकार लिहिलं तर म्हणाली,
या नावाचं कुणी सापडत नाही.

रात्री दाभोळला फोन लावला.
मागे टीव्ही, कुणीतरी मासळीच्या भावावरून भांडत होतं.
चाकांची ऑर्डर गेली, म्हटलं.
"कुठची घेतलीस?"
तीच, तुमच्या नंबरची.
"अगो, ती नको. ती बिनब्रेकची.
शेवटी सात टाक."