सेकंड माल

अक्कलकोट रोड एमआयडीसी, दुपारचे सव्वातीन.
पत्र्याखाली बेचाळीस अंश
आणि भिंतीपलीकडे चौसष्ट माग,
एकमेकांचं न ऐकता भांडणारे.

आम्ही चेकिंगच्या सहाजणी.
टॉवेल ओढायचा, ट्यूबलाइटसमोर धरायचा,
उलटा, पालटा, पुढे.
तासाला दीडशे.
कान इथं काही कामाचे नाहीत,
म्हणून सगळ्या ओठ वाचतो.
राजमणी तेलुगूत बोलते, महानंदा कन्नडमध्ये,
पण ओठांवरचा चहा
सगळीकडे सारखाच दिसतो.

खेळ कुणी काढला, आठवत नाही.
बहुतेक नरसम्मानं.
एक टॉवेल वर धरून तिनं भुवया उडवल्या :
ओळख, कुणाचा?
डाव्या काठाला फास सुटलेला, बोटभर.
इलियासभाईंचा.
तंबाखू मळताना ते डावीकडं वळतात.

मग रोजच.
तेलाचा ठिपका म्हणजे जॉबर लिंगप्पा, घाईत.
जाड गाठ म्हणजे बिटलांचा नवा पोरगा,
रात्रपाळीत पेंगलेला.
जिंकलेलीला दोन भाजक्या शेंगा.
हिशेब टेबलाच्या पायाला,
लाल दोऱ्याच्या गाठींत.
माझ्या एकतीस.

मालकांचा धाकटा पुण्याहून शिकून आला.
म्हणाला, कामात मजा पाहिजे.
शनिवारी चारला माग थांबवून
संगीत खुर्ची.
गड्ड्याच्या जत्रेत असतात तसले फुगे आणले,
तीन तर उकाड्यानंच फुटले.
गाणं थांबलं
आणि खुर्च्यांभोवती सगळे उभेच,
आधी साहेब बसू देत म्हणून.
साहेब म्हणाले, बसा, बसा.
कुणी बसेना.
शेवटी साहेबच जिंकले,
आणि बक्षिसाचा स्टीलचा डबा
द्यायचा कुणी, घ्यायचा कुणी,
कळेना.

पोरगा वाईट नव्हता.
घाम पुसत होता आमच्याच टॉवेलनं
आणि त्याच्या काठाशी
चांगली हरभऱ्याएवढी गाठ होती.
नरसम्मानं माझ्याकडं पाहिलं.
बिटलांचा, ओठांनीच म्हणाली.
मी तिथंच तिच्या हातावर शेंग ठेवली
आणि दोघींना हसू आवरेना.
साहेबांना वाटलं, मजा आली.

सोमवारी लाइट गेली.
चौसष्ट माग एकदम गप्प,
आणि आम्ही सवयीनं
अजून गळा ताणून ओरडतोय,
"इलियासभाईंचाच! डावा काठ! लाव पैज!"
भिंतीपलीकडं अख्खं शेड
ऐकत होतं.
महानंदानं तोंडात पदर कोंबला.
पलीकडून एक खोकला आला फक्त.

दुसऱ्या दिवशी
सहा नंबरच्या मागाचा माल एकदम स्वच्छ.
दहा, पंधरा, पंचवीस.
काठ सरळ, फास उभे,
जणू परदेशी ऑर्डरच.
माणूस दुखावला, राजमणी म्हणाली.
आम्ही मान खाली घालून
नुसतं काम केलं त्या तासाभरात.
किती लांब असतो तास.

सव्विसाव्याला उजव्या काठाशी
एक फास.
एकच, नखाएवढा.
इलियासभाई उजवीकडं कधी वळत नाहीत.
हा सुटलेला नव्हता,
सोडलेला होता.

सेकंड माल निघाला की
मागवाल्याचे तीन रुपये कापतात.
त्यांना माहीत, मला माहीत.
छत्तीस वर्षं माग चालवलेला माणूस
तीन रुपये लावून खेळायला बसला होता
आणि डाव माझ्या हातात.

मी टॉवेल ट्यूबलाइटसमोर धरला.
उलटा. पालटा.
सुईनं फास आत ओढला,
वरून अंगठा फिरवला.
पास.

टेबलाच्या पायाला आता
एक पिवळा दोरा आहे, वेगळा.
त्यावर एक गाठ.
त्यांच्या दोन शेंगा
माझ्या डब्यात तशाच पडून आहेत,
भिंतीपलीकडं पोचवायच्या कशा
हे अजून ठरलेलं नाही.