शेरा

खाणीत पडतं ते पाणी स्वच्छ असतं,
निघतं ते राखाडी.
मधल्या प्रवासाची जबाबदारी माझी,
असं संमतीपत्राच्या अट क्रमांक चौदामध्ये लिहिलंय,
अर्थात माझं नाव न घेता.

सारूळच्या उतारावर तीन तळी, एकाखाली एक.
पहिल्यात खडी बसते. दुसऱ्यात कच.
तिसऱ्यात जे येतं त्याला वजनच नसतं जवळजवळ,
ते आठ-आठ दिवस तरंगत राहतं
लग्नघरातल्या रुसलेल्या मावशीसारखं,
बसा म्हटलं तरी बसत नाही.
तुरटी टाकायची, थांबायचं,
बाटली भरून उजेडापुढं धरायची.
लिटरमागे शंभर मिलिग्रॅम, त्यावर नाही.
खाली ओहोळ, ओहोळाखाली वालदेवी,
आणि तिच्या काठी आत्ता, या घटकेला,
कुणीतरी कोथिंबिरीच्या जुड्या धूत असेल.

मे महिन्यात तळी आटतात.
पोकलेन उतरवायचं, गाळ उपसायचा,
मोजपट्टीचा शून्य पुन्हा उघडा करायचा.
तिसऱ्या तळ्यात निवृत्ती लिलकेनं बकेट उचलली
आणि इंजिनच बंद केलं.
"बाई, इथं टिटवी बसलीय."

चार अंडी, गाळाच्याच रंगाची, वायव्येच्या कोपऱ्यात.
घरटं म्हणजे गोल मांडलेले खडे,
आमच्याच क्रशरचे, सहा एमएमचे.
ती पंख पसरून धावून आली,
पावशेराची बाई, वीस टनांच्या यंत्रावर.

निवृत्तीची आई म्हणायची,
टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस धो धो,
खोलात घातली तर साल कोरडं.
ही तर थेट तळाला.
आम्ही एकमेकांकडं पाहिलं
आणि सोयीचा शकुन सोयीनं मानला.
कोपरा सोडून बाकीचं उपसलं.
बारा ब्रास गाळ तसाच.
पिल्लं चालती झाली तोवर
पोकलेन वाडीवऱ्ह्याच्या कामावर गेलेलं.

ऑगस्टच्या नऊ तारखेला, रात्री अडीचला,
पाणी लाल रेघेला टेकलं.
भामरे साहेब फोनवर: "खालचा वॉल्व्ह खोल.
अंधार आहे, नाले सगळेच गढूळ, कोण बघतंय?"
खालचा वॉल्व्ह म्हणजे तळाचा सगळा चिखल.
मी म्हटलं, रेंज नाही.
रेंज होती.

दोन्ही पंप उलटे लावले, पाणी परत खाणीत चढवलं.
ड्रिल बुडालं, चार दिवस काम बंद,
त्याचा हिशेब साहेब अजून ऐकवतात.
तरीही चाळीस मिनिटं सांडव्यावरून गेलंच,
बॅटरीच्या उजेडात चहासारखं.
बाटली भरली, तारीख घातली.
तीनशे चाळीस.

नोंदवहीत शेऱ्याचा रकाना दोन बोटांचा.
त्यात मी लिहिलं:
तळे क्र. ३, क्षमता कमी. कारण, टिटवी.
साहेब म्हणाले, अतिवृष्टी लिही, सगळे तेच लिहितात.
अतिवृष्टी होतीच, ती वरच्या ओळीत लिहिली.
चोवीस तासांच्या आत मंडळाला कळवलं.

मंडळाचे तरुण अधिकारी आले, बोट ठेवून वाचलं,
बराच वेळ त्याच ओळीवर थांबले.
"अंडी किती होती?"
"चार."
"फुटली एखादी?"
"नाही."
त्यांनी काहीतरी टिपून घेतलं, काय ते दिसलं नाही.
पंधरा दिवसांत खुलासा द्या, अशी नोटीस आली.
दिला.

पुढच्या वर्षी उपसा फेब्रुवारीत,
ती जागा शोधायला लागायच्या आधी.
तसं फळ्यावर लिहून ठेवलंय.

त्या रात्रीची दुसरी बाटली माझ्या खिडकीत आहे.
वर आरपार पाणी, खाली करंगळीएवढा खडक.
झाडणाऱ्या मीराबाईंना सांगितलंय,
पुसा, पण उचलू नका.