तिसऱ्या ओळीवर तूर

लातूरच्या आडत लाइनीत, डाळमिलच्या वरच्या खोलीत,
जिथं कीबोर्डवर रोज पिवळी भुकटी बसते,
मला काम मिळालं :
भावाची वेबसाइट नवी करून द्यायची.

जुनी पोपटी होती. खरंच पोपटी.
डोक्यावर एक लाल तारा, लुकलुकणारा,
मधे जाड कडांचा तक्ता,
अक्षरं ट्रकच्या फाळक्यावर रंगवल्यासारखी.
मी हसलो होतो. कबूल करतो.

तीन आठवडे घासत बसलो.
पांढरी पार्श्वभूमी, राखाडी अक्षर, भरपूर मोकळी जागा.
तारा काढला.
पिकं होती कशीही, ती अकारविल्हे लावली :
उडीद, करडई, गहू, ज्वारी...
स्वतःवरच खूश होऊन
रविवारी रात्री चढवली
आणि झोपलो.

सोमवारी सौद्याआधीच फोन.
उदगीरचे मुनीम झुंबरलालजी :
“आज बाजार बंद आहे काय?”
नाही हो, चालू आहे.
“मग तारा कुठं आहे?”
ताऱ्याचं काय काम, मी विचारलं.
पलीकडं जरा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
“तारा हलला की आजचा भाव.
थिजला की कालचा.
तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

कुणीच नव्हतं सांगितलं.
जुनी फाइल उघडली.
चाकूरच्या नागनाथनं लिहिलेली, अकरा वर्षांपूर्वीची,
त्याचं आता झेरॉक्सचं दुकान आहे.
त्याच्या वाकड्यातिकड्या कोडमध्ये
एक ओळ फक्त माणसांसाठी होती :
तारा काढू नये. लोक बघतात. – ना.

दुपारी कुशावर्ताबाई.
ट्यूशन एरियात त्यांची मेस,
अकरावी-बारावी मी तिथंच जेवलो.
“तूर पडली का रे बाबा? निम्म्याच्या बी खाली?
म्या तर चार कट्टे सांगून बसले.”
नाही मावशी, तूर आहे तिथंच आहे.
“मग तिसऱ्या ओळीला काय लिवलंय?”
गहू.
“गहू कुणी बसवला तिथं?
मला अक्षर येत न्हाई, आकडा येतो.
वरून तिसरी ओळ तूर.
नऊ वर्सं झाली.”

मला आठवली तिची खोली, दिवे गेलेली,
भिंतीला टेकून आम्ही चाळीस पोरं,
आणि अंधारात फिरणारा तिचा हात :
वरण, मीठ, लिंबाची फोड.
एकदाही चुकला नाही.
मिठाचा डबा तिनं कधी हलवला नव्हता.
मी तिचा डबा हलवून
वर भिंतीला रंग दिला होता.

मंगळवारी तारा परत आला,
तितकाच लाल, थोडा कमी थरथरणारा.
सोयाबीन, हरभरा, तूर :
आपापल्या पाटावर.
चियाचा भाव नव्यानं द्यायचा होता,
तो पंगतीत उशिरा आलेल्यासारखा शेवटी बसवला.
पोपटी रंग ठेवला, थोडा धुऊन.
बदललं ते आतलं :
रेणापूरच्या पुढं, जिथं एकच काडी रेंज असते,
तिथंही आता पान लगेच उघडतं.
याबद्दल कुणाचाही फोन आला नाही.

मापाडी मैनोद्दीनभाईंनी चहा पिता पिता मोबाइल चाळला.
“नवं काय केलं तुम्ही? तसंच तर हाय.”
शेठनी तेच ऐकलं, चष्मा वर सरकवला :
“मग बिल कशाचं?”

काय सांगणार.
निम्मं आता, निम्मं दिवाळीला, असं ठरलं.

रात्री मिल थांबल्यावर
नागनाथच्या ओळीखाली एक ओळ टाकली,
यानंतर जो कुणी येईल, उघडून बघेल, हसेल,
त्याच्यासाठी :

तिसरी ओळ तूर.
हलवायचीच असेल तर आधी मेसवर जेवून ये.