छपरावरची जमीन

मार्चमध्ये जस्ताचे जुने पत्रे उतरवले.
एकवीस हिवाळ्यांचा गंज. भाच्याने ते अंगणात रचले
माशाच्या खवल्यांसारखे, एकावर एक,
आणि वर डांबरी पत्रे ठोकले, हिरवे,
पावसात अजिबात न वाजणारे.

चिलोएच्या या टोकाला पाऊस न वाजणं
म्हणजे घर बहिरं झाल्यासारखं.
पण गळत नव्हतं. मी काही बोलले नाही.

अँटेना चुंबकाची, नव्या छपराला चिकटेना.
भाच्याने ती काठीला सुतळीने बांधली, काठी धुराड्याला.
म्हणाला, काकू, आधीपेक्षा उंच आहे, आता जास्त लांब जाईल.

त्या रात्री आठला, नेहमीसारखं, बटण दाबलं:
ओतिलिया, ओतिलिया, बेनिग्ना बोलतेय. ओव्हर.
खरखर.
मग तिचाच आवाज, सामुद्रधुनीच्या पलीकडून, स्वच्छ,
कुणा होडीवाल्याला शिंपल्यांचा भाव विचारत.
म्हणजे ती होती. ऐकतही होती.
मला सोडून सगळ्यांचं.

मी समजले. आईची बिडाची चूल.
ती मी ठेवून घेतली त्याला नऊ वर्षं झाली,
ओतिलियाने कधी तोंडातून काढलं नाही.
पण आमच्यात राग असाच येतो,
ओहोटीसारखा, सावकाश, खालचा चिखल दाखवत.

तीन आठवडे.
नंतर बटण दाबणंही सोडलं, नुसती ऐकत बसायचे,
विणकामाच्या सुया हातात, एकही टाका न घालता.
एका रात्री तिने माझं नाव घेतलं. दोनदा.
मी धडपडत उठले, बोलले, चुलीचंसुद्धा बोलले,
श्वास घ्यायला बटण सोडलं, तर ती म्हणत होती,
"बरं. नाही बोलायचं तर राहू दे."

मी तर बोलत होते!

रुपेर्तो मियालोन्को होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.
त्याने सेटला हात लावला नाही.
बाहेर जाऊन छप्पर पाहिलं, मग पत्र्यांची चळत.
तिच्याखाली आता कोंबड्या अंडी घालत होत्या.
"तुझी अर्धी अँटेना," तो म्हणाला,
"कोंबड्यांच्या डोक्यावर आहे."

काडी एकटी बोलत नाही, म्हणाला.
तिला खाली धातू लागतो, पसरलेला,
विजेला उलट्या बाजूने पाय टाकायला.
काडीच्या निम्म्या अंगाचं काम तो पत्राच करत होता,
आरशासारखा, एकवीस वर्षं, कुणाला न सांगता.
तुम्ही तिच्या पायाखालची जमीनच काढून घेतलीत.

जमीन तर ही काय, मी म्हटलं, बटाट्यांची, वीस पावलांवर.
"ती नव्हे. हिची जमीन छपरावर बांधावी लागते."

मग त्याने छत्री मागितली.
या बेटावर छत्री कोण वापरतं? वारा एका फटक्यात उलटी करतो.
पण पुएर्तो मोंतहून आलेल्या कुणा बाईची
दाराआड पडली होती, मोडकी.
त्याने तिच्या चार काड्या काढल्या, कानशीने घासल्या,
एकोणपन्नास सेंटिमीटर, प्रत्येक दोनदा मोजून,
केबलच्या बाहेरच्या जाळीला जोडल्या,
चार दिशांना, खाली झुकवून.
आडव्या ठेवल्या तर केबलला अवघडल्यासारखं होतं, म्हणाला,
आणि पैशांऐवजी डझनभर अंडी घेऊन गेला.

खालून पाहिलं तर काय,
कापड उडालेली छत्री, वाऱ्यात उभी.

आठ वाजता:
ओतिलिया, ओतिलिया, बेनिग्ना बोलतेय. ओव्हर.

"एवढे दिवस रागावली होतीस होय?" ती म्हणाली.
"चुलीवरून?"

मी बटण दाबलं आणि काहीच बोलले नाही.
पलीकडे तिच्या घरात माझं ते गप्प राहणं
आता पोचत होतं, अगदी स्पष्ट.

मग म्हटलं, छप्पर बदललं गं.

"गळतं का?"

नाही. ओव्हर.